पोचवायला आलेली सोळा माणसं

नव्या विमानतळाच्या हॉलमध्ये बसायला एकही बाकडं नव्हतं. विसरले म्हणून नव्हे, मुद्दाम. ज्यानं हॉल आखला त्याचं म्हणणं असं, की बाकडं दिसलं की माणूस बसतो आणि एक बसला की मागचे दहा अडतात. म्हणून बाकडं नाही, खिडकीला कट्टा नाही, खांबाला टेकू म्हटलं तर खांबही गोल आणि गुळगुळीत. छताच्या पट्ट्या दारापासून निघून थेट तपासणीच्या रांगेकडे धावत होत्या. दिवे पुढे लख्ख, मागे मंद. फरशी दारापाशी खरखरीत आणि पुढे पुढे नितळ होत जाणारी, पाऊल आपोआप लांब पडावं अशी. आत शिरलेल्या माणसानं बूड टेकायचं ते विमानातच.

आखणारा गृहस्थ चाळिशीचा, किडकिडीत, बोलायला गोड. भेटेल त्याला सांगायचा, "गर्दी म्हणजे पाणी असतं. उतार द्या, वाट द्या, आपोआप वाहतं." हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की सफाईच्या बायकांनी त्याचं नाव पाणीसाहेब पाडलं. ते त्याच्या कानावर गेलं आणि त्याला आवडलंही. माणूस किती भाबडा होता ते यावरून ओळखा.

त्या बायकांची मुकादमबाई मात्र भाबडी नव्हती. जुन्या इमारतीत एकोणीस वर्षं फरशी पुसून ती मुकादम झाली होती. हातात फडकं घेऊन वाकलेल्या बाईला जगाची पावलं दिसतात, तोंडं नाही. पण पावलांना खोटं बोलता येत नाही. कोण कुठं घुटमळतं, कुठं चहा सांडतो, कुठल्या काचेवर नाकाचे आणि तळव्यांचे ठसे उमटतात, हे तिला पाठ होतं. नवी इमारत आखताना सल्ला द्यायला लांबलांबून माणसं आली, त्यांना चहा देण्याचं काम हिच्या बायकांनी केलं, आणि हिला कोणी एक शब्द विचारला नाही. का विचारतील? फरशी पुसणाऱ्याला फरशीबद्दल विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

एकदा पाणीसाहेबच तिला हॉल दाखवत होता. म्हणजे ती पुसत होती आणि तो बोलत होता.

"बघा मुकादमबाई, माणूस दारातून आला की त्याला कुठं थांबावंसंच वाटणार नाही. पाण्यासारखा जाईल."

"जाईल की," ती म्हणाली. "पण साहेब, पाण्याला सासू नसते."

तो हसला. विनोद समजून हसला. ती विनोद करत नव्हती.

मग एके दिवशी सफाईच्या कंपनीचा मॅनेजर आला. त्याच्या हातात पाणीसाहेबाच्या आराखड्याचं एक पान होतं. त्यात लिहिलं होतं, की या हॉलमध्ये कोणी थांबत नाही, म्हणून कोणी खात नाही, म्हणून काही सांडत नाही, म्हणून इथं अकरा बायका लागत नाहीत. चार बायका आणि दोन यंत्रं पुरतात.

"सात नावं द्या," मॅनेजर म्हणाला. "रविवारी चाचणी आहे. हॉल कागदावर आहे तसा चालला की सोमवारी मला यादी हवी."

"नावं मी द्यायची?"

"तुम्ही त्यांना ओळखता ना. मी दिली तर अन्याय होईल."

अन्याय कसा वाटून द्यायचा हे या लोकांना बरोबर कळतं. सुरी आपण धार लावून ठेवायची, कापायला घरातल्याच माणसाला सांगायचं.

मुकादमबाईनं घरी कागद घेतला. पहिलं नाव लिहायला जावं तर एक आठवायची. जी कामाला मंद, ती घरात एकटी कमावती. जी चपळ, ती भांडखोर, पण भांडते ती सगळ्यांच्या वतीनं. एकीचा गुडघा गेलेला, तिला काढावं तर तो गुडघा याच फरशीवर गेलेला. दुपारभर बसून कागदावर एकच गोष्ट उमटली, चहाच्या कपाचा गोल.

चाचणी म्हणजे काय, तर उद्घाटनाच्या आधी खोटे प्रवासी आणून हॉलमधून चालवायचे. वर छताला कॅमेरे. ते प्रत्येक माणसाचा एक ठिपका करून पडद्यावर दाखवणार. ठिपके वाहिले की चाचणी पास. यासाठी प्रत्येक खात्यानं आपापली माणसं आणायची होती. सफाई खात्याच्या वाट्याला सतरा आली. कुठून आणणार? मुकादमबाईनं घरचीच सांगितली. सासर मोठं होतं. आजवर त्याचा असा उपयोग कधी झाला नव्हता, तो या निमित्तानं झाला.

शनिवारी सगळे जमले. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. धाकटे दीर मालट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला. कुठलीही वस्तू उचलून तिचं वजन सांगायची त्यांना खोडच होती, लग्नात नवरीकडं बघूनसुद्धा ते मनात आकडा धरत. नवरा शिंपी, अबोल, बोलण्याचं काम त्यानं आयुष्यभर आईवर सोपवलेलं. शिवाय जावा, नणंदा, त्यांचे नवरे, पुतणे, सुना.

मुकादमबाईनं सतरा कार्डं वाटली. प्रत्येकावर छापलेलं, प्रवासी अमुक, गाव तमुक, बॅगा दोन.

सासूबाईंनी कार्ड लांब धरून वाचलं आणि परत केलं. "मला कुठं जायचं नाही."

"आई, खरं नाही जायचं. नुसतं चालायचंय."

"नुसतं चालायला मी वेडी आहे? एकजण जाईल. बाकीचे पोचवू."

"सतराही जणांनी जायचंय, आई."

"सगळं घर एकदम कुठं जातं? घराला आग लागली तर जातं." सासूबाईंनी निकाल दिला. "याला पाठवा. हा कधी कुठं गेला नाही."

हा म्हणजे नवरा. तो इस्त्री करत होता. त्यानं मान वर केली, कुठं म्हणून विचारलं नाही, आणि पुन्हा खाली घातली.

"आणि बॅगा रिकाम्या नेऊ नका वहिनी," दीर म्हणाले. "रिकाम्या बॅगेची चाल खोटी असते. मी रोज गाड्या बघतो. रिकामी गाडी उड्या मारते."

"भावोजी, चाचणी आहे ती."

"म्हणूनच म्हणतो. करायची तर नीट करा."

मग सासूबाईंनी विचारलं, "तिथं गेल्यावर आम्ही काय करायचं ते सांगून ठेव बाई. तुझी नोकरीची जागा आहे. आमच्यामुळं तुला खाली बघायला नको."

आता इथं मुकादमबाईनं सांगायला हवं होतं. सरळ चाला, थांबू नका, मागं वळू नका, कार्डाप्रमाणं सतरा जण रांगेत लागा. तसा छापील कागदच दिला होता वरून. तो तिच्या पिशवीत होता. तिनं पिशवीत हात घातला, कागद बोटांना लागला, आणि हात तसाच बाहेर काढला.

"तुम्ही एरवी जसं करता तसं करा," ती म्हणाली.

काय तो तिचा गुन्हा, तो एवढाच. तिनं कुणाला काही शिकवलं नाही. नुसतं शिकवायचं राहू दिलं.

रविवारी सकाळी पहिली तुकडी सोडली ती कचेरीतल्या लोकांची. हातात रिकाम्या बॅगा, डोक्यात दुपारचं जेवण. दारातून शिरले ते नऊ मिनिटांत तपासणीपलीकडं, आणि तिथून ओळखपत्रं दाखवून कर्मचाऱ्यांच्या दारानं थेट कचेरीत. पडद्यावर ठिपके असे सरकले की जणू कोणी वाळूच ओतली. पाणीसाहेबाच्या चेहऱ्यावर बारशातल्या बापासारखं तेज आलं. मॅनेजरनं मुकादमबाईकडं बघून बोटांनी सात दाखवले.

दुसरी तुकडी सफाई खात्याची.

दारावरच्या पोरीनं विचारलं, "कार्डं?"

दिरांनी एक कार्ड पुढं केलं. "हे जाणार. आम्ही पोचवायला आलोय."

तिनं वही उलटीपालटी केली. पोचवायला येणाऱ्यांना तपासणीच्या रांगेपर्यंत आत सोडायचं, असा नियम होता. तो दुकानदारांनी आग्रह धरून करून घेतला होता, कारण रडून झाल्यावर माणूस काहीतरी विकत घेतो. नियम दुकानांच्या कागदात होता. आराखड्यात ती माणसं नव्हती. हॉल एकानं आखला, नियम दुसऱ्यानं केला, आणि दोघं एकमेकांना फक्त साहेब म्हणत होते.

सोळा माणसं मोकळ्या हातानं आणि एक माणूस दोन बॅगा घेऊन, असा मेळा आत शिरला. पुढं लख्ख उजेड होता, पण त्याकडं कोणी बघितलं नाही. सगळे नवऱ्याकडं बघत होते, कारण जाणारा तो होता. तो मध्ये आणि हे गोल. गोल पुढं सरकतो, पण हळू. सासूबाईंच्या चालीनं.

काउंटरवर दिरांनी बॅग काट्यावर ठेवायच्या आधी हातात तोलली. "चोवीस."

काटा चोवीस दाखवून थांबला. दिरांनी भोवती असं बघितलं, की त्यांचा सत्कार तिथंच व्हावा.

"तेवीसच चालतात," काउंटरवरची पोरगी म्हणाली. "एक किलो काढा."

"काढायचं कुठं?"

"बाजूला होऊन काढा."

बाजू कुठं होती? पाणीसाहेबानं बाजू ठेवलीच नव्हती. बॅग हॉलच्या बरोबर मध्यावर आडवी झाली आणि तिची चेन उघडली. वरती शिवायला आलेले शर्ट, त्याखाली दोन उशा, आणि तळाशी शिंप्याची भली दांडगी इस्त्री.

"इस्त्री कोणी भरली?" मुकादमबाईला राहवलं नाही.

"मी," दीर म्हणाले. "वजन भरत नव्हतं."

"मग ती काढा."

"इस्त्री राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तिकडं मिळेल न मिळेल. उशी काढा."

"आई, उशीनं किलो भरत नाही. दोन्ही काढल्या तरी आठशे ग्रॅम," दीर म्हणाले.

"तू हातात न घेता सांगतोस?"

"डोळ्यानं कळतं मला."

"मग तुझ्या बायकोचं सांग."

जाऊबाईंनी दिरांकडं असं बघितलं, की काउंटरवरचा काटाही शून्यावर यावा. दीर बॅगेतल्या उशा चाचपू लागले. एव्हाना सोळाही जण बॅगेभोवती वाकले होते आणि प्रत्येकाचं मत वेगळं होतं. मागून तिसरी तुकडी आली. ती आधी अडली, मग वळसा घालू लागली, मग वळसा घालता घालता तिला प्रश्न पडला की इथं आहे तरी काय, आणि तीही वाकली. पडद्यावर एक ठिपक्यांचा गोळा झाला. पोळं लटकावं तसा.

शेवटी शर्ट काढले. इस्त्री आतच राहिली. चाचणीच ती, म्हणून बॅगा पट्ट्यावर न जाता नवऱ्याच्याच हातात परत आल्या.

मग खरा प्रसंग. तपासणीच्या रांगेशी नवरा निघाला. चार पावलं गेला आणि वळला. सोळा हात वर झाले. पुन्हा तीन पावलं, पुन्हा वळला. मग मध्ये तो गोल गुळगुळीत खांब आला. सोळाही जण डावीकडं सरकले. दिसेना, म्हणून उजवीकडं सरकले. त्यांच्यामागं उभी राहिलेली अर्धी तिसरी तुकडीही त्यांच्याबरोबर उजवीकडं सरकली. त्यांचं कोणी जात नव्हतं, पण सरकायची लाट असते, ती आवरत नाही.

आणि सासूबाई रडायला लागल्या. खरंखुरं.

"आई, मी कुठं चाललोय?" नवरा रांगेतून म्हणाला. एवढं लांब वाक्य तो वर्षातून एकदा बोलायचा.

"मला काय माहीत कुठं. कार्डावर लिहिलंय ना. वाचून जा."

मुकादमबाई बाजूला उभी होती, छातीशी आपल्या तुकडीच्या नावाचा फलक धरून. आपण कामावर आहोत, हे तिला चांगलं ठाऊक होतं. माणूस शंभर पावलांवर जाऊन परत यायचाय, हेही ठाऊक होतं. तो तिसऱ्यांदा वळला तेव्हा फलक काखेत गेला आणि हात वर झाला. खाली घ्यायला तिला थोडा वेळ लागला.

नवरा दिसेनासा झाला. आता हे निघतील, असं सगळ्यांना वाटलं. सासूबाई फरशीवर बसल्या. भर वाटेत, जिथं फरशी सगळ्यात नितळ होती तिथं.

"तो आला की उठते," त्या म्हणाल्या.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. पुतणे दुकानातून चहा-बिस्किटं घेऊन आले. मग मुकादमबाईचा फोन वाजला.

"अगं, मी कुठंतरी आहे," नवरा म्हणाला. "मागं यायला दारच नाही. सगळी दारं पुढं उघडतात."

"कुणाला तरी विचारा."

"विचारलं. म्हणतात, विमानात बसून कुठंतरी उतरलात की बाहेर पडता येतं. आणि आज विमान नाही."

ती फोन हातात धरून पाणीसाहेबाकडं गेली. तो पडद्यासमोर उभा होता. कोणी आपल्या अंगणात गाढव आणून बांधावं तसा त्याचा चेहरा.

"साहेब, ज्याला परत फिरायचं असेल त्यानं कुठून यायचं?"

"परत कोण कशाला फिरेल?"

"माझा नवरा आत आहे."

पाणीसाहेबानं आराखडा उघडला. बोट दारापासून निघालं ते पुढं पुढं गेलं. मागं येणारी एकही रेघ त्याला सापडली नाही, कारण ती त्यानंच काढली नव्हती. त्यानं दोन पहारेकऱ्यांना किल्ल्या देऊन पिटाळलं आणि स्वतः सासूबाईंसमोर जाऊन उकिडवा बसला. मॅनेजर पाठोपाठ आलाच.

"आजी, इथं बसता येत नाही," पाणीसाहेब म्हणाला.

"बसलेय की."

"ही वाहती जागा आहे."

"मग वाहू दे. मी कुठं धरून ठेवलंय?"

 इतक्या मोठ्या शिक्षणात बसलेल्या म्हातारीला उठवायचं कसं, ते कुठं सांगितलंच नव्हतं.

सासूबाईंनी त्याला न्याहाळलं. "तू जातोस का विमानानं?"

"महिन्यातून चारदा."

"पोचवायला कोण येतं?"

"कोणी नाही. टॅक्सीनं येतो."

"आई नाही?"

"आहे. तिला सांगत नाही, आजी. उगाच तिला दगदग."

"तरीच," सासूबाई म्हणाल्या, आणि पदराला डोळे पुसून दुसरीकडं बघू लागल्या.  तो तसाच बसून राहिला. उकिडवं बसवेना तेव्हा त्यानं मांडी घातली. आपल्याच फरशीवर तो पहिल्यांदा बसला होता. खालून छताच्या पट्ट्या कुठंच धावत नव्हत्या.

मॅनेजरला घाई होती. त्यानं अहवालाचा छापील कागद पुढं केला. "साहेब, अडथळ्याचं कारण भरा. स्वयंसेवकांनी सूचना पाळल्या नाहीत, एवढंच लिहा. पहिल्या तुकडीचा आकडा धरू. चाचणी पास. बाई, तुमची यादी तयार ठेवा."

पाणीसाहेबानं पेन उघडलं. लिहायला ते सोपं होतं. आराखडा शाबूत राहिला असता, उद्घाटन वेळेवर झालं असतं, आणि सात बायका सोमवारी घरी गेल्या असत्या. कुणाचं काही बिघडलं नसतं, म्हणजे ज्यांचं मोजतात त्यांचं.

"साहेब, तसं लिहू नका," मुकादमबाई म्हणाली. "त्यांनी सूचना मोडल्या नाहीत. त्यांना सूचना दिल्याच नव्हत्या. मी दिल्या नाहीत. कागद माझ्या पिशवीत आहे."

मॅनेजरचा चेहरा उजळला. "म्हणजे चूक तुमची."

"लिहा माझी. नाव लिहा, सही करते. पण उद्घाटनाच्या दिवशी जी माणसं येतील, त्यांना सूचना कोण देणार आहे तेही लिहा. घरोघरी जाऊन सांगणार का, की मुलगा परदेशी चाललाय तर मागं वळू नका, थांबू नका, रडू नका म्हणून? एकोणीस वर्षं मी तेच पुसतेय, साहेब. जिथून माणूस शेवटचा दिसतो तिथं सगळे उभे राहतात. तिथं खांब असला तर खांबाच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात. तुम्ही बाकडं ठेवा नाहीतर ठेवू नका. बाकडं नसलं तर खाली बसतात. एवढाच फरक."

"बाई, तुम्ही कुणाशी बोलताय?" मॅनेजर म्हणाला.

"पाणीसाहेबांशी," ती म्हणाली, आणि मग आपण काय म्हणालो ते तिच्या लक्षात आलं. पण साहेबाच्या ते लक्षातही आलं नाही. तो सासूबाईंच्या बाजूला बसून खांबाकडं बघत होता. मान डावीकडं नेली, मग उजवीकडं.

"दिसत नाही खरंच," तो म्हणाला.

मग गुडघ्यावर कागद ठेवून त्यानं लिहिलं. जवळच असल्यामुळं मुकादमबाईला वाचता आलं. पोचवायला येणारी माणसं आराखड्यात धरलेली नाहीत. परत फिरणाऱ्याला वाट नाही. चाचणी नापास. चूक आखणीची. खाली सही, आणि सहीखाली त्यानं एक रेघ अशी ओढली की कागद फाटायचाच बाकी राहिला. ते लिहिताना तो काही खूश नव्हता. तो पाणी पाणी करणारा गृहस्थ दोन महिने वरच्या लोकांच्या शिव्या खाणार होता, हे त्याला कळत होतं. तरी लिहिलं. एवढ्यापुरता माणूस बरा निघाला, आणि असं मी सहसा कुणाबद्दल म्हणत नाही.

मॅनेजरनं कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला.

"मग बायका किती धरायच्या?" त्यानं साहेबाला विचारलं.

"त्यांना विचारा," साहेब म्हणाला.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला विचारा म्हटलं होतं. मॅनेजरनं विचारायची वाट न बघता मुकादमबाई म्हणाली, "अकरा. बसायची जागा झाली की बारा."

तेवढ्यात बाहेरच्या दारातून, जिथून सकाळी गेला होता तिथूनच, नवरा आत आला. पहारेकऱ्यांनी त्याला सामानाच्या पट्ट्याशेजारून, मोटारी उभ्या करतात त्या तळघरातून, सबंध इमारतीला वळसा घालून आणला होता. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. दोन्ही बॅगा हातात.

सासूबाई दोन सुनांच्या आधारानं उठल्या. मुलाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"काय आणलंस?" त्यांनी विचारलं.

"आई, मी कुठंच गेलो नव्हतो."

"एवढा वेळ लावलास आणि हात हलवत आलास होय?"

हात त्याचे हलत नव्हते, त्यात पन्नासेक किलो होतं, दिरांच्या मते सेहेचाळीस. पण त्यानं बॅगा खाली ठेवल्या आणि बायकोकडं बघून हसला. मुकादमबाईनं घाईघाईनं दुसरीकडं बघितलं, कारण अकरा बायका दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या आणि उद्यापासून वर्षभर त्यांना हेच पुरणार होतं.

"बघता काय?" ती म्हणाली. "बादल्या आणा."

फरशीवर बिस्किटांचा चुरा होता, चहा सांडला होता, उशीतला कापूस उडाला होता, आणि दोनशे माणसांची पावलं एकमेकांत गुंतून पडली होती. अकराही जणी लागल्या. दुपार कलेपर्यंत पुसत होत्या, आणि तरी खांबापाशी चहाचा एक डाग राहिलाच.